बंद करायला यंत्र नसलेला

झीलंडमधल्या या बांधावर दोन घरं,
मध्ये सायकलीची चार मिनिटं.
वारा समोरून असेल तर सात.

याकोमिनाबाई फेब्रुवारीत म्हणाल्या, पुरे.
आठवड्यातून तीनदा रक्त धुवून घ्यायची ती खुर्ची,
मनगटाजवळची गुरगुरणारी शीर,
परतीच्या टॅक्सीत मांडीवर धरलेली पिशवी, ओकारीची.
मी म्हटलं, थांबवलंत तर दहा दिवस, फार तर पंधरा.
त्या म्हणाल्या, मग डेलियाचे कंद शेजारणीला देते,
मे महिन्यात लावायचे असतात.

एक पान. एक सही.
दुसरा डॉक्टर कुणी धाडला नाही,
हे तुमचंच मत ना, की लेकीचं,
असंही कुणी दार लोटून विचारलं नाही.
अकराव्या दिवशी गेल्या.
दाखल्यावर मी लिहिलं : नैसर्गिक.
पेन अडलं नाही.

क्राइनकडे बंद करायला काही नव्हतं.
शिंपल्यांच्या बोटीवर सत्तेचाळीस वर्षं,
आता कर्करोग मणक्यात उतरलेला,
कूस बदलायची तर आधी अर्धा तास मनाची तयारी.
थांबवण्याजोगं एकच यंत्र होतं त्याच्यापाशी,
आणि ते छातीत, चोख चाललेलं.

तो म्हणाला, याकोमिनाला जाऊ दिलंत.
तिचं नशीब, तिला बटण होतं.
मी शिकवलेलं बोलले :
करणं वेगळं, होऊ देणं वेगळं.
तो हसला, मग हसल्याचं दुखलं.
जाळं सोडलं काय, हातातून सुटू दिलं काय,
मासळीला सारखंच, डॉक्टर.

मासळीला सारखंच.
हाताला नाही, हे मी बोलले नाही.

मग शहरातून अनोळखी डॉक्टर आले, कायद्याप्रमाणे.
नेल्त्येला स्वयंपाकघरात पाठवलं,
त्याच्याशी एकट्याशी बोलले.
ऐकू येऊ नये म्हणून तिनं नळ सोडून ठेवला,
चाळीस मिनिटं.
कायद्यात शब्द आहे : असह्य.
असह्य म्हणजे किती किलो, क्राइननं विचारलं,
जन्मभर काट्यावर मोजत आलेला माणूस.
त्या डॉक्टरांनी लिहून घेतलं, उत्तर दिलं नाही.
माझ्याकडेही नव्हतं.

सगळे कागद झाल्यावर मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू.
का, ते मलाही ठाऊक होतं, त्यालाही.
या, म्हणाला, तुमची तयारी होईल तेव्हा.
तो आठवडा त्यानं मला दिला.
सात रात्री, त्याच्या मणक्यातल्या.
हा हिशेब कुठल्याच अर्जात मागत नाहीत.

गुरुवार.
औषधाच्या डब्यात दोन संच,
एक द्यायचा, एक काही चुकलं तर.
नेल्त्येनं कप मांडले, मोजले, थबकली.
नंतर तपासायला येतात ते साहेब,
त्यांना कॉफी लागेल का?
मी म्हटलं, लागेल बहुतेक.
तिनं एक कप वाढवला.

मी विचारायचं ते विचारलं, शेवटचं :
अजून हेच हवं आहे?
तो खिडकीकडे पाहत होता.
वारा कुठला आहे?
वायव्येचा, मी म्हटलं.
मग परतताना तुम्हाला पाठीवर येईल, म्हणाला,
आणि मग, हो. हेच.

दाखल्यावर सही माझी नव्हती,
या मरणावर ती माझी चालत नाही.
साहेब आले, भिजलेला कोट खुर्चीवर टाकला,
कॉफी घेतली, दोनदा.
नेल्त्ये त्यांच्यासमोर बसली होती,
साखरेचा चमचा हातात, विसरलेला.

औषधांच्या दुकानात डबा परत केला.
एक संच, न उघडलेला, सही करा इथे.
तेवढी मात्र माझी लागली.

याकोमिनाबाईंच्या घराला नवा रंग चढलाय,
शेजारणीच्या अंगणात डेलिया अजून वीतभरच.
वारा फिरला होता.
सात मिनिटं लागली.